चूक की बरोबर, हे मूल कसं ठरवतं?

गिरणेच्या पाटाला रब्बीचं आवर्तन सुटलंय. गहू ओंबीवर आलाय. चारीच्या पार शेवटच्या टोकाला, ज्याला आपल्याकडे सरळ ‘टेल’ म्हणतात, तिथं एका विधवा बाईचं दीड एकर रान आहे. वरच्या लोकांनी वाट्यापेक्षा जास्त पाणी ओढलं, म्हणून तिच्या पाळीत तिच्या वाफ्यांपर्यंत पाणी पोहोचलंच नाही. आता पाळी दुसऱ्याची लागलीय. मध्यरात्री तिचा मुलगा येतो, चारीचं दार उघडतो आणि पाणी आपल्या गव्हाकडे वळवतो. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला ते दिसतं. त्यानं ही चोरी वर कळवावी की गप्प बसावं?

हा प्रसंग मी शिकवताना वापरतो. उत्तरं दोनच निघतात, कळवावं किंवा कळवू नये. पण ‘का?’ असं विचारलं की वर्गात कारणांची रांग लागते. कुणी म्हणतं, साहेबाला कळलं तर पाटकऱ्याची नोकरी जाईल. कुणी म्हणतं, विधवेच्या तोंडचा घास काढणाऱ्याला गावात कोण विचारेल? कुणी म्हणतं, नियम तो नियम. मानसशास्त्रात ‘नैतिक विकास’ म्हणून जो विषय आहे, तो या ‘का’च्या उत्तरांचा अभ्यास आहे. माणूस कुठल्या निर्णयावर पोहोचला याला त्यात दुय्यम स्थान आहे. तो कुठल्या वाटेनं तिथं पोहोचला आणि ही वाट वयाबरोबर कशी बदलत गेली, हे त्यात पाहतात. एवढं एक पक्कं लक्षात राहिलं तर बाकीचा विषय अवघड नाही. ते सुटलं तर मात्र पुढं येणारा सहा पायऱ्यांचा तक्ता पाठ करूनही हाती काही लागत नाही.

या अभ्यासाची पहिली भक्कम मांडणी केली स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेनं. मुलांच्या नैतिक विचारांवरचं त्याचं पुस्तक १९३२ साली आलं. त्यासाठी त्यानं काय केलं असेल? तो मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला. आपल्याला खेळ येत नाही असं दाखवून त्यानं मुलांनाच नियम समजावून सांगायला लावले आणि मग हळूच विचारलं, हे नियम आले कुठून? ते बदलता येतील का?

पाच-सहा वर्षांची मुलं म्हणायची की नियम मोठ्यांनी केले, देवानं केले, ते पहिल्यापासून असेच आहेत. नवा नियम काढला तर तो रडीचा डाव. गंमत अशी की हीच मुलं प्रत्यक्ष खेळताना नियम वाट्टेल तसे वाकवत होती आणि ते त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचं उत्तर वेगळं होतं. सगळे खेळणारे कबूल असतील तर नियम बदलता येतो, असं ती सांगायची. म्हणजे लहानपणी नियम बाहेरून, वरून आलेला असतो. पुढं तो आपसांतल्या कबुलीतून तयार होतो. पहिल्या प्रकाराला पियाजेनं परायत्त नैतिकता म्हटलं, दुसऱ्याला स्वायत्त.

त्याची कपांची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका मुलाला जेवायला हाक मारली. तो दार ढकलून आत आला. दारामागं खुर्चीवर कपांचा ट्रे होता, त्याला ते माहीत नव्हतं. पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला मुरांबा काढायला चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं सांगायची, पंधरा कप फोडणारा. मोठी मुलं सांगायची, मुरांबा चोरायला गेलेला. लहानांच्या हिशेबात नुकसान मोजलं जातं, मोठ्यांच्या हिशेबात हेतू. पुढच्या संशोधकांनी यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. पियाजेच्या गोष्टींत नुकसान डोळ्यांत भरतं आणि हेतू आडबाजूला राहतो. हेतू नीट समोर ठेवला, तर पाच वर्षांच्या आसपासची मुलंही तो विचारात घेतात. त्यामुळं ‘अमुक वयाआधी मुलाला हेतू कळतच नाही’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पियाजेनं आणखी एक गोष्ट टिपली. दोन मुलं सफरचंदं चोरून पळाली, त्यातला एक कुजक्या फळीच्या पुलावरून जाताना पाण्यात पडला. चोरी केली नसती तर तो पडला असता का? लहान मुलं ठामपणे ‘नाही’ म्हणायची. जणू फळीलाच चोरी कळली होती. आपल्याकडे कुणाच्या केळीवर वादळ आलं आणि कुणी ‘त्याच्या कर्माची फळं’ असं म्हटलं, तर हाच विचार पांढरे केस झालेल्या माणसाच्या तोंडून निघालेला असतो. म्हणजे जुन्या पायऱ्या वयाबरोबर पुसून जात नाहीत. आपण दमलो, घाबरलो की त्यांच्यावर परत येतो.

मुलं एका विचाराकडून दुसऱ्याकडे कशामुळं जातात? पियाजेचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. मोठ्यांच्या उपदेशापेक्षा बरोबरीच्या पोरांशी झालेल्या भांडणातून मूल जास्त शिकतं, असं तो म्हणतो. मास्तरांपुढं, बापापुढं मूल मान डोलावतं. गोट्यांच्या रिंगणात ‘तू आऊट’, ‘नाही, मी नाही’ असा वाद झाला की त्याला दुसऱ्याची बाजू ऐकावीच लागते, नाहीतर खेळ मोडतो.

पियाजेचा धागा अमेरिकेत लॉरेन्स कोहलबर्गनं पुढं नेला. त्याचा जन्म १९२७ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाइनला नेणाऱ्या एका जहाजावर त्यानं काम केलं. ते जहाज पकडलं गेलं. कायदा मोडणं कधी योग्य ठरतं, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात पुस्तकांच्या आधी आला होता. १९५८ साली शिकागो विद्यापीठात त्यानं पीएच.डी.चा प्रबंध दिला. त्यासाठी त्यानं शिकागो परिसरातल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मुलगेच, मुली नव्हत्या. ही गोष्ट पुढं महागात पडली, तिच्याकडे नंतर येतो.

कोहलबर्ग मुलांपुढं पेचप्रसंग ठेवायचा. त्यातला हाइन्झचा सगळ्यांना माहीत आहे. हाइन्झची बायको कर्करोगानं मरायला टेकलीय. गावातल्या एका औषधवाल्यानं रेडियमपासून औषध शोधलंय. त्याला खर्च आला २०० डॉलर आणि तो मागतोय २,०००. हाइन्झनं दारोदार फिरून १,००० जमवले. स्वस्तात दे, नाहीतर उरलेले नंतर घे, अशी विनवणी केली. औषधवाला नाही म्हणाला. हाइन्झनं रात्री दुकान फोडलं. त्यानं तसं करायला हवं होतं का, आणि का?

उत्तरांच्या वर्गवारीतून कोहलबर्गला सहा पायऱ्या दिसल्या आणि दोन-दोन पायऱ्यांच्या तीन पातळ्या. पूर्वसांकेतिक, सांकेतिक आणि उत्तरसांकेतिक ही त्यांची नावं, यातला संकेत म्हणजे समाजाची रीत. नावांपेक्षा आपण पुन्हा पाटावर जाऊ, तिथं त्या लवकर कळतात.

पहिल्या पायरीवर चूक म्हणजे ज्याची शिक्षा होते ते. पाटकऱ्यानं कळवावं, नाहीतर साहेब त्याला घरी बसवतील. किंवा कळवू नये, कारण तो पोरगा अंधारात त्याला गाठेल. निर्णय उलटे आहेत, पायरी एकच, कारण दोन्हींत फक्त आपल्या पाठीवर काय पडणार याचा विचार आहे. पहिली-दुसरीतलं पोर ‘सर मारतीन’ म्हणून गप्प बसतं, तेही इथंच.

दुसऱ्या पायरीवर व्यवहार येतो. तू माझं कर, मी तुझं करतो. आज झाकून घेतलं तर गहू निघाल्यावर बाई चार पायल्या देईल. किंवा ज्याची पाळी आहे तो शेतकरी उद्या आपल्या कामाला येणारा आहे, त्याचं नुकसान कशाला होऊ द्यायचं? या पायरीला हलकं समजू नये. समोरच्यालाही त्याच्या गरजा आहेत हे इथं पहिल्यांदा नीट कळलेलं असतं.

तिसऱ्या पायरीवर माणसं येतात आणि ती मनात घर करून बसतात. चांगलं वागणं म्हणजे आपल्या माणसांच्या नजरेत चांगलं ठरणं, त्यांचा विश्वास न मोडणं. ‘लोक काय म्हणतील’ इथं आहे, पण तेवढंच नाही. त्या बाईच्या जागी आपली माय असती तर, हा कळवळाही इथलाच. चौथ्या पायरीवर नजर आपल्या माणसांपलीकडे, सगळ्या व्यवस्थेवर जाते. एकाचं दार आज उघडं ठेवलं तर उद्या प्रत्येक जण रात्री फावडं घेऊन येईल आणि मग टेलला कधीच पाणी मिळणार नाही. याच पायरीवरून उलटंही बोलता येतं. नियम आधी वरच्यांनी मोडला, टेलपर्यंत पाणी पोहोचवणं हे पाटकऱ्याचं कर्तव्य आहे, म्हणून त्यानं आधी वरच्यांची तक्रार करावी.

पाचव्या पायरीवरचा माणूस विचारतो, हा नियम कशासाठी केला होता? पाळी लावली ती सगळ्यांना वाजवी वाटा मिळावा म्हणून. ती पाळीच दरवर्षी टेलवाल्याला कोरडं ठेवत असेल तर सगळ्यांनी बसून ती बदलायला हवी. कायदा त्याला मान्य असतो, पण कायद्याच्या मागची कबुली आणि त्यातून जपायचे माणसाचे हक्क त्याला जास्त महत्त्वाचे वाटतात. सहाव्या पायरीवर कोहलबर्गनं सार्वत्रिक न्यायतत्त्वं ठेवली. इथं विचार करणारा आळीपाळीनं प्रत्येकाच्या जागी बसतो, बाईच्या, वरच्या शेतकऱ्याच्या, ज्याची पाळी हुकली त्याच्या, आणि कुठल्याही जागेवरून मान्य होईल असा निर्णय शोधतो. कोहलबर्ग याला नैतिक संगीत खुर्ची म्हणायचा.

शिक्षक पात्रता परीक्षेची, म्हणजे टीईटीची, तयारी करणारी पोरं जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये हा तक्ता तोंडपाठ करतात. बालमानसशास्त्राला त्या परीक्षेत ३० गुण असतात, त्यामुळं ते समजण्यासारखं आहे. पण पाठांतरातून दोन समज घट्ट बसतात आणि ते दोन्ही काढून टाकायला हवेत.

एक, वय वाढलं की पायरी आपोआप वाढते. तसं नाही. कोहलबर्गनं आपल्या मुलाखतींतल्या मुलांचा दर तीन-चार वर्षांनी पुन्हा शोध घेतला आणि हे काम वीस वर्षं चाललं. त्यातून आलेला सविस्तर अहवाल १९८३ साली छापला गेला. पायऱ्यांचा क्रम बऱ्याच अंशी खरा निघाला, मुलं पायरी गाळून उडी मारताना दिसली नाहीत. पण मोठेपणी बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच होते. पाचवीपर्यंत पोहोचले ते दहात एखादे. सहाव्या पायरीवर त्या अभ्यासात कुणीच ठामपणे सापडलं नाही, म्हणून गुणांकनाच्या पद्धतीतून ती काढून टाकावी लागली.

सहावी पायरी मग नुसती कल्पनाच का? कोहलबर्ग गांधीजींचं आणि मार्टिन ल्यूथर किंगचं नाव घ्यायचा. आपल्याला अमळनेरपर्यंतच जावं लागतं. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे साने गुरुजी १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण मांडलं आणि मंदिर खुलं करायचं कबूल झाल्यावरच ते सोडलं. मंदिराची जुनी रीत राखू पाहणारेही धर्माचंच नाव घेत होते, त्यांच्यापाशीही नियम होता, परंपरा होती. गुरुजींनी त्या रीतीला एका प्रश्नापुढं उभं केलं. विठ्ठलाच्या दारात माणूस माणसासारखा का नाही? पाचवी-सहावी पायरी शिकवताना मला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळालेलं नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे. वरच्या पायरीवरचा माणूस चांगला आणि खालच्या पायरीवरचा कमी, असं मुलं धरून चालतात. पायऱ्या विचारांच्या असतात, माणसांच्या नसतात. आणि या पायऱ्या मोजायची पट्टीच कुठल्या मापाची आहे, हेही पाहायला हवं. १९८५ साली जॉन स्नेरी या संशोधकानं २७ वेगवेगळ्या सांस्कृतिक प्रदेशांतले ४५ अभ्यास एकत्र तपासले. पहिल्या चार पायऱ्या जवळपास सगळीकडे दिसल्या. पाचवी मुख्यतः शहरांतल्या मध्यमवर्गात दिसली, खेड्यांतल्या पारंपरिक समाजांत जवळजवळ दिसलीच नाही. यावरून खेड्यातला माणूस नैतिकदृष्ट्या मागे आहे असं म्हणायचं का? स्नेरीचा स्वतःचा निष्कर्ष तसा नव्हता. त्याच्या मते कोहलबर्गच्या गुणांकनाच्या पुस्तिकेत व्यक्तीच्या हक्कांची भाषा ओळखू येते, पण एकमेकांना धरून राहण्यातून आलेली, सामुदायिक तत्त्वांची भाषा तिला नीट ओळखता येत नाही.

मला इथं फड आठवतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं चालत आलेली ही सिंचनाची पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कुठल्या फडात कुठलं पीक हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाणी कमी असलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा हेही एकत्र बसून ठरतं. एकाच शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळं टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर पडत नाही. नद्यांवर मोठी धरणं झाल्यावर बऱ्याच ठिकाणी ही पद्धत मोडकळीला आली, पण तिच्यामागचा विचार पाहा. नियम आपण केलाय, तो सगळ्यांच्या भल्यासाठी आहे, आणि गरज पडली तर सगळे मिळून तो बदलू. पियाजेच्या अकरा वर्षांच्या पोरानं गोट्यांबद्दल हेच सांगितलं होतं आणि कोहलबर्गच्या पाचव्या पायरीचा गाभाही हाच आहे. यात हक्क हा शब्द कुठंच येत नाही. मुलाखतीत एखाद्या फडकऱ्यानं ‘सगळ्यांनी ठरवलंय, सगळ्यांना धरून चालावं लागतं’ असं उत्तर दिलं असतं, तर त्याला तिसऱ्या पायरीवर टाकलं गेलं असतं, असं मला वाटतं. आणि तो त्याच्यावर अन्याय झाला असता.

भारतात झालेले अभ्यासही याच दिशेनं बोट दाखवतात. रिचर्ड श्वेडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना वेगवेगळ्या वागणुकींबद्दल विचारलं, हे काम १९८७ साली छापून आलं. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, याला ओडिशातल्या ब्राह्मण कुटुंबांनी अतिशय गंभीर पाप मानलं. शिकागोच्या माणसाला त्यात गैर काहीच दिसलं नाही. न्याय आणि हक्क यांपलीकडे नातं, कर्तव्य, पावित्र्य यांचीही नैतिकता असते, असं श्वेडर यावरून म्हणाला. जोन मिलरच्या अभ्यासांत, नियम आणि जवळच्या माणसाची गरज यांची टक्कर झाली तर भारतीय लोक गरजेला बरेचदा वरचं स्थान देतात, आणि ते मर्जीनं नव्हे तर कर्तव्य म्हणून, असं दिसलं. भाऊबंदाच्या घरी अडचण असताना न जाणं ही आपल्याकडे नुसती कोरडी वागणूक ठरत नाही, ती चूक ठरते. यात धोकाही आहे हे मान्य करायला हवं. हेच कर्तव्य ‘आपल्या’ माणसाची खोटी साक्ष द्यायला लावतं आणि जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीला घराबाहेर ठेवतं. तिथं चौथी-पाचवी पायरी हवीच.

आता मुलींची गोष्ट. कॅरोल गिलिगन हार्वर्डमध्ये कोहलबर्गबरोबर काम करत होती. मुलग्यांच्या उत्तरांवरून पट्टी बनवायची आणि मग त्या पट्टीनं मुलींना मोजायचं, हे तिला खटकलं. १९८२ च्या तिच्या पुस्तकात अकरा वर्षांच्या दोन मुलांची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत. मुलगा म्हणतो, जीव पैशापेक्षा मोठा, हाइन्झनं चोरी करावी. मुलगी म्हणते, चोरी केली तर हाइन्झ तुरुंगात जाईल आणि बायकोला मग कोण पाहील? त्यांनी औषधवाल्याशी बसून बोलावं, दुसरा काहीतरी मार्ग काढावा. कोहलबर्गच्या पट्टीवर मुलीचे गुण कमी भरतात. गिलिगनला त्यात काळजीची, नाती न तोडता वाट काढण्याची नैतिकता दिसली. आमच्या पाटाच्या प्रसंगातही ‘कळवू की नको’ हे दोनच पर्याय बाजूला सारून, ‘ज्याची पाळी आहे त्याला उठवा, दोन तास पाणी मागून घ्या’ असं सुचवणारं कुणीतरी निघतं. पेच मांडणाऱ्यानं घातलेली चौकटच ते मोडतं आणि बहुतेक वेळा खरा तोडगा तोच असतो. मात्र बायकांची नैतिकता वेगळी आणि पुरुषांची वेगळी, असा सरसकट अर्थ काढू नये. लॉरेन्स वॉकरनं १९८४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा कोहलबर्गच्या पायऱ्यांवर स्त्री-पुरुषांत म्हणावा असा फरक दिसला नव्हता. काळजीची भाषा दोघांनाही येते. आपण मुलग्याकडून तिची अपेक्षाच करत नाही, हे आपल्या घरांचं दुखणं आहे.

एलियट ट्युरिएलचं काम आई-बापांना सगळ्यात उपयोगी पडेल. लहान मुलं सगळे नियम सारखेच मानतात, हे पियाजेचं म्हणणं त्यानं खोडून काढलं. तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा रीत आणि नीती यांत फरक करतात. खानदेशातलं उदाहरण घेऊ. पत्त्यांना एरवी हात लावू न देणाऱ्या घरांतही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डाव मांडला जातो. मुलाला विचारा, आज पत्ते चालतात का? चालतात, आखाजी आहे. मग आज धाकट्या बहिणीला मारलं तर चालेल का? मूल ‘नाही’ म्हणेल. आई हो म्हणाली तरी? तरी नाही, तिला लागेल ना. पहिला नियम मोठ्यांच्या परवानगीवर टिकलेला आहे, दुसरा दुसऱ्याच्या दुखण्यावर, आणि एवढ्याशा जिवाला ते कळतं. म्हणून मुलाला ओरडताना दोन्हींना एकाच आवाजात ओरडू नये. डोक्यावरची टोपी काढली आणि मित्राला ढकललं, या दोन्हींवर सारखाच संताप केला तर मुलाला आधीपासून कळत असलेला फरक आपणच पुसून टाकतो.

आणि एवढं सगळं झाल्यावर उरतो तो मोठा प्रश्न. बरोबर काय ते कळलं म्हणजे माणूस तसा वागतो का? अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात सुमारे ११,००० मुलांना फसवायची, खोटं बोलायची, चोरायची संधी देऊन पाहिली. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ वाटणी झालीच नाही. एका ठिकाणी सचोटीनं वागणारं मूल दुसरीकडे फसवत होतं. आपल्याकडेही रस्त्यात सापडलेलं पाकीट धावत जाऊन परत देणारा मुलगा दहावीच्या पेपरला कॉपी करतो आणि दोन्ही वेळा त्याला आपण वाईट वागतोय असं वाटत नाही. पायरी आणि वागणं यांचा संबंध आहे, पण सैल आहे. मध्ये भीती येते, सवय येते, शेजारी बसलेले मित्र येतात.

उलट दिशेनंही ते खरं आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता मारला गेला. त्याच्याबरोबर आणखी चौघं गेले. शिरीषकुमारला सोळावं वर्ष चालू होतं, कोहलबर्गनं मुलाखती घेतलेल्या मोठ्या मुलांच्या वयाचा होता तो. त्याला हाइन्झची गोष्ट विचारली असती तर त्यानं कुठल्या पायरीचं उत्तर दिलं असतं, हे सांगता येणार नाही. ते पाऊल पुढं टाकायला नुसता तर्क पुरला नसता, हे मात्र सांगता येतं. जोनाथन हाइट आणि इतर अलीकडचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की बहुतेक नैतिक निर्णय आधी मनात, क्षणात उमटतात आणि कारणं आपण मागून जुळवतो. मला हे म्हणणं अर्धं पटतं. रागाच्या भरातल्या निर्णयांबद्दल ते खरं आहे. पण मागून जुळवलेली कारणं चारचौघांत बोलून दाखवावी लागतात, तिथं ती तपासली जातात, आणि पुढच्या वेळी मनात आधी काय उमटेल हे त्यावरून हळूहळू बदलतं.

म्हणून शाळेत काय करावं, हा प्रश्न मला तातडीचा वाटतो. परिपाठात रोज एक सुविचार फळ्यावर लिहिला जातो. ‘नेहमी खरे बोलावे.’ मुलं तो वाचतात, कुणी विरोध करत नाही, म्हणून कुणी विचारही करत नाही. कोहलबर्गचा विद्यार्थी मोशे ब्लाट यानं वर्गात पेचप्रसंगांवर आठवडे-आठवडे मोकळी चर्चा घडवली तेव्हा काही मुलांचा विचार पुढच्या पायरीकडे सरकला. काम होतं ते आपल्यापेक्षा थोडा पुढचा विचार सोबत्याच्या तोंडून ऐकण्यानं. शिक्षकानं उत्तर सांगितलं की चर्चा तिथंच संपते.

हे करायला वेगळा तास लागत नाही. सहावीच्या वर्गात विचारा, पेपरात मित्र तुझ्या वहीत डोकावतोय, त्याचा बाप दारू पितो, घरी त्याला अभ्यासाला जागा नाही. तू वही झाकशील का? मुलगा ‘झाकेन’ म्हणाला तर ‘शाब्बास’ म्हणू नका, ‘दाखवेन’ म्हणाला तर ओरडू नका. दोघांनाही ‘कसाले?’, म्हणजे ‘कशासाठी?’, विचारा आणि अर्धा मिनिट थांबा, कारण पहिलं कारण बहुधा आपल्याला खूश करण्यासाठी दिलेलं असतं, खरं त्याच्या मागून येतं. मग तिसऱ्या मुलाकडे वळा आणि त्याला म्हणा, या दोघांपैकी ज्याचं तुला पटलं नाही, त्याची बाजू तू मांड. पहिल्या एक-दोन वेळा वर्ग गप्प राहील, काही मुलं फक्त हसतील. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेल, ‘पण सर, त्याला जागा नाही तर ती जागा द्यायचं काम कुणाचं?’ तिथून पुढं मुलांना बोलू द्या.